कंपनी माल आणि लोकल माल (मोटारगाडीचे सुटे भाग)

मोटारगाडीचा झिजलेला भाग बदलताना, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या छापील खोक्यातून येतो तो ‘कंपनीचा’ आणि त्याच्या जागी बसणारा स्वस्त भाग तो ‘लोकल’, अशी विदर्भातील गॅरेजांची ढोबळ विभागणी आहे. तालुक्याच्या गावी मिस्त्री गाडीखालूनच विचारतो, ‘भाऊ, कंपनीचा टाकू का लोकल?’ उत्तर एका शब्दात द्यायचे असते. काउंटरवर मात्र माल चार तऱ्हेचा असतो.

गाडीची कंपनी सगळे भाग स्वतः घडवत नाही. इंजेक्टर, स्टार्टर, बेअरिंग, क्लच पुरवठादार कारखान्यांकडून येतात, आणि यांतील अनेक कारखाने तसाच भाग स्वतःच्या नावाच्या खोक्यातही विकतात. बॉश, ल्युकास टीव्हीएस, एनबीसी ही त्यांपैकी ओळखीची नावे. गाडीकंपनीच्या खोक्यापेक्षा हा दुसऱ्या तऱ्हेचा माल सहसा स्वस्त पडतो. गावाकडच्या गाडीवाल्याने आधी मागावा तो हाच, पण मिस्त्रीच्या प्रश्नात त्याला जागाच नाही. तिसरा माल राजकोट, लुधियाना, दिल्लीकडच्या लहानमोठ्या कारखान्यांचा. त्यात चांगलाही निघतो, वाईटही. चौथा ‘डुप्लिकेट’, म्हणजे नामांकित कंपनीचे खोटे लेबल लावलेला. बोलताना लोकल आणि डुप्लिकेट एकाच अर्थाने वापरतात, हा लोकलवर अन्याय आहे. लोकलवाला स्वतःचे नाव छापून विकतो. खोट्या लेबलाचा माल विकणे हा व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार कैदेची शिक्षा असलेला गुन्हा आहे.

स्वस्तात काय वगळले जाते, ते ऑइल फिल्टर कापून पाहिले की कळते. चांगल्या फिल्टरात कागदाच्या चुण्या दाट आणि सारख्या अंतरावर असतात. इंजिन बंद झाल्यावर ऑइल मागे ओघळू नये म्हणून आत रबराची एक झडप असते. हलक्या फिल्टरात चुण्या विरळ, आणि झडपेचे रबर उष्णतेने लवकर कडक होते. मग सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन क्षणभर कोरडे फिरते, खडखड ऐकू येते. एअर फिल्टरचे याहून वाईट. उन्हाळ्यात पांदण रस्त्याची धूळ पिठासारखी बारीक झालेली असते. फिल्टरची रबरी कड नीट बसली नाही तर ही धूळ बगलेतून थेट सिलिंडरात जाते, रिंगा घासते, आणि काही महिन्यांत गाडी ऑइल खाऊ लागते. पारा ४५ अंशांपुढे गेला की हीच परीक्षा रेडिएटरच्या होजपाइपची आणि वॉटर पंपाची.

तरीही लोकल खपतो, आणि त्याला कंजूषपणा म्हणणे चूक आहे. पेरणीच्या तोंडावर पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो. रोकड हाती येते ती कापूस विकल्यावर. आषाढात चाक धरून ठेवणारा बॉल जॉइंट वाजू लागला तर ‘सध्या लोकल टाक, दिवाळीनंतर पाहू’ असे ठरते. जिल्ह्याहून माल मागवायचा तर गाडी निदान दिवसभर उभी राहते, आणि गावात दवाखान्याला न्यायला तीच एक गाडी असू शकते. आरसा, बंपर, दाराची मूठ, मडफ्लॅप यांत लोकलने बिघडत नाही. पण बॉल जॉइंट तुटला तर चाक आडवे पडते, म्हणून त्यात, स्टीअरिंगमध्ये आणि ब्रेकमध्ये दिवाळीची वाट पाहू नये.

समृद्धी महामार्गाने हा प्रश्न आणखी गंभीर केला आहे. विदर्भात नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या या ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर कारला ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. गावच्या रस्त्यावर चाळिशीच्या वेगाला निभावून नेणारी हलकी ब्रेक पॅड तिथे जोरात दाबली की तापतात, त्यांतील राळ सुटते आणि पायाखाली ब्रेक असूनही गाडी थांबत नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात, म्हणजे स्वतंत्र गॅरेजांना, मिळू दिले जात नाहीत हा मुख्य आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे पक्क्या बिलाचा भुर्दंड कमी झाला आहे.

खरेदीला जाताना जाणते मिस्त्री जुना भाग फडक्यात गुंडाळून सोबत नेतात आणि काउंटरवर नव्याशेजारी ठेवून वजन, आटे, कोरलेला नंबर ताडून पाहतात. खोके ते नंतर पाहतात.