गांजाचा कायदा बदलला तो सह्यांच्या जोरावर

अमेरिकेत गांजाविषयक कायद्यात झालेले बहुतेक मोठे बदल वॉशिंग्टनमध्ये ठरले नाहीत. ते राज्याराज्यांत लोकांनी घडवून आणले. १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजाला हेरॉइनच्या पंक्तीत बसवले. दोनच वर्षांनी गांजाचा अभ्यास करणाऱ्या शेफर आयोगाने स्वतःपुरता थोडा गांजा बाळगणे हा गुन्हा मानू नये, अशी शिफारस केली. आयोग निक्सन सरकारच्या काळातला, पण निक्सन यांनीच शिफारस धुडकावली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीही सुधारणेचा प्रस्ताव मोठ्या फरकाने पाडला. १९७३ मध्ये ओरेगनने अशा प्रकरणांत तुरुंगाऐवजी दंड आणला; पुढे मात्र चळवळ थंडावली.

तिच्यात पुन्हा जीव आला तो सॅन फ्रान्सिस्कोतल्या एड्सच्या वॉर्डांमुळे. रुग्णांना अन्नाचा वासही नकोसा व्हायचा, शरीर नुसते झिजत जायचे. गांजामुळे मळमळ कमी होऊन त्यांच्या पोटात दोन घास जाऊ लागले. आयुष्यभर वेट्रेसचे काम केलेल्या मेरी रॅथबन घरी गांजाच्या ब्राउनी भाजून रुग्णांना फुकट वाटत. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांना पुन्हा अटक झाली आणि गावभर संताप उसळला. गांजासाठी झगडणारे कार्यकर्ते डेनिस पेरॉन यांच्या घरावर १९९० मध्ये धाड पडली, तेव्हा त्यांचा एड्सग्रस्त जोडीदार जोनाथन वेस्ट याने कोर्टात उभे राहून गांजा आपलाच असल्याचे सांगितले. खटला बारगळला, वेस्ट त्याच वर्षी गेला. पुरेशा मतदारांच्या सह्या जमल्या की प्रस्ताव थेट मतदानाला जातो; पेरॉन यांनी वेस्टच्या आठवणीखातर अशी सह्यांची मोहीम उभारली आणि १९९१ मध्ये शहराच्या सुमारे ८० टक्के मतदारांनी वैद्यकीय गांजाच्या बाजूने कौल दिला.

राज्याच्या विधिमंडळाने संमत केलेली विधेयके गव्हर्नर पीट विल्सन यांनी अडवली, म्हणून कार्यकर्ते थेट मतदारांकडे गेले. नुसत्या स्वयंसेवकांच्या बळावर सह्यांचा आकडा गाठणे अवघड दिसू लागले, तेव्हा जॉर्ज सोरोस यांच्यासारख्या धनिकांनी पैसा ओतला. मतदानाला तीन महिने उरले असताना रुग्णांना गांजा पुरवणाऱ्या पेरॉन यांच्या क्लबवर धाड पडली, तरीही नोव्हेंबर १९९६ मध्ये राज्यात वैद्यकीय गांजाला परवानगी देणाऱ्या ‘प्रपोझिशन २१५’ या प्रस्तावाला ५५.६ टक्के मते मिळाली. अर्थात केंद्राचा कायदा तसाच राहिला. राज्याने परवानगी दिलेल्या रुग्णावरही केंद्र कारवाई करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवले.

२०१२ मध्ये कोलोराडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी प्रौढांना गांजा खुला केला. कोलोराडोत प्रचाराचा सूर होता, ‘दारूसारखेच नियम लावा’. मतदारांना तो पटला, पण जुन्या शिक्षांचे काय, हा प्रश्न मागे पडला, आणि मला हीच या मोहिमांची सर्वात मोठी उणीव वाटते. गांजा ओढण्याचे प्रमाण जवळपास सारखे असूनही कृष्णवर्णीयांना अटक होण्याची शक्यता गोऱ्यांच्या पावणेचार पट होती. दुकाने उघडली, तरी त्या अटकेची नोंद नोकरीच्या अर्जात आडवी येतच राहिली. इलिनॉयने २०१९ मध्ये विधिमंडळातून कायदा करताना जुन्या नोंदी पुसण्याची तरतूद केली, ती म्हणूनच महत्त्वाची.

सह्यांचा मार्ग सगळीकडे खुला नाही. जवळपास निम्म्या राज्यांत मतदारांना तो अधिकारच नाही. जिथे आहे तिथेही अटी जाचक असतात. २०२४ मध्ये फ्लोरिडात सुमारे ५६ टक्के लोकांनी प्रौढांना गांजा खुला करण्याच्या बाजूने मत दिले, पण तिथे राज्याच्या घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात; प्रस्ताव पडला.