गारा निफाडला पडतात, ठाण्यात का नाही?

मार्चमध्ये निफाडहून मामाने द्राक्षाच्या घडांवर पडलेल्या गारांचा व्हिडिओ पाठवला आणि इकडे ठाण्यात, नौपाड्यात आमच्या पोरीचा लगेच प्रश्न, बाबा एवढ्या उन्हात वर बर्फ आला कुठून? हसण्यासारखं काही नाही, अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोकही याच्यावरच डोकं खाजवत होते. अनॅक्सागोरस म्हणाला ढग खूप उंच, थंडीत ढकलला जातो म्हणून. नंतर अॅरिस्टॉटलने ते खोडून काढलं, म्हणे गारा जमिनीजवळ गोठतात. पहिला बरोबर होता, पण वजन दुसऱ्याच्या नावाला!

मग बॅटरीवाला व्होल्टा. त्याच्या मते विजेने भारलेल्या दोन ढगांमध्ये गारा चेंडूसारख्या नाचत नाचत मोठ्या होतात. आणि 1896 मध्ये ऑस्ट्रियात अल्बर्ट स्टिगर नावाच्या द्राक्षवाल्याने (मामाचाच भाऊबंद म्हणा) थेट ढगांवर तोफा डागायला सुरुवात केली, ते फॅड इटलीभर पसरलं, हजारो तोफा लागल्या, गारा मात्र पडायच्या तशा पडतच राहिल्या.

खरी गंमत कळली ती पुढे, ढगातलं पाणी शून्याखाली जाऊनही लगेच गोठत नाही, उणे 40 पर्यंत थेंब पाणीच राहू शकतो हे लक्षात आल्यावर. असे थेंब बर्फाच्या एखाद्या दाण्याला आपटले की त्यालाच चिकटून गोठतात. भरभर गोठले तर हवा अडकून थर पांढरा, सावकाश गोठले तर काचेसारखा, म्हणून गार कापली की कांद्यासारखी दिसते. आपण शाळेत शिकलो की प्रत्येक थर म्हणजे वर-खाली एक फेरी, ते तितकंसं खरं नाही, एकाच चढणीतही थर बदलतात. 9 जुलै 1959 ला इंग्लंडमधल्या वोकिंगहॅमचं वादळ रडारवर पकडून ब्राउनिंग आणि लडलम या हवामानशास्त्रज्ञांनी ढगातला वर चढणारा वारा कसा फिरतो ते मांडलं, तिथून चित्र स्पष्ट होत गेलं. गोल्फबॉलएवढी गार तोलून धरायला हा वारा ताशी 100 किमीच्या आसपास लागतो.

आता ठाणे. जुलैत आपल्याकडे पाऊस रग्गड, पण त्या ढगांमध्ये वर चढणारा वारा एवढा जोरदार नसतो, आणि शून्य अंशाची थंडी पार 5 किमी उंचीच्या आसपास, म्हणजे छोटी गार बनली तरी येऊरच्या डोंगरावर पोचेपर्यंत तिचं पाणी. निफाडला मार्च-एप्रिलमध्ये खाली तापलेली जमीन आणि कुठून तरी आलेली दमट हवा, वर कोरडी थंड हवा, त्यामुळे ढग बघता बघता उंच चढतो. मामाला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाला, ते असू दे, गारांपासून बाग झाकायच्या जाळीचा भाव काय चाललाय तेवढं बघ.