संगीताचा तास : माध्यमिक शाळेतील नियोजन

आठवी ते दहावीच्या वर्गांत संगीताच्या तासाला काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या पट्टीत (म्हणजे कोणत्या उंचीचा सा धरून), याची शिक्षकाने आधी केलेली आखणी. इतर विषयांप्रमाणे ही आखणीही पाठ टाचणात लिहिली जाते. पण संगीताच्या तासाला पाठ्यपुस्तकाचा आधार कमी आणि प्रत्यक्ष आवाजाचा व्यवहार जास्त, त्यामुळे टाचण नुसते घटकाचे नाव व उद्दिष्टे लिहून पुरे होत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांत साधने म्हणजे एक पेटी, कुठे तबल्याची जोडी. वर्गात पन्नासच्या आसपास मुले. आणि वेळ अर्ध्या तासाहून थोडा जास्त. चांगले नियोजन याच परिस्थितीसाठी करायचे असते.

गुरूसमोर एकटा शिष्य बसत असे तेव्हा लेखी नियोजनाची गरज नव्हती. समूहाला संगीत शिकवायची वेळ आली तेव्हा ती निर्माण झाली. बडोद्यात मौलाबक्ष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानाच्या आश्रयाने संगीतशाळा चालवली. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांची दहा थाटांत (स्वरांवरून केलेल्या गटांत) मांडणी केली, सोपी स्वरलिपी रूढ केली आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग सिद्ध केले. अलंकार (स्वरांच्या ठरावीक रचनांचा सराव), सरगमगीत (फक्त स्वरांच्या नावांत गायचे), लक्षणगीत (रागाची लक्षणे शब्दांत सांगणारे), मग छोटा ख्याल (द्रुत लयीतली बंदिश) हा क्रम अशा विद्यालयांतून आणि परीक्षांतून शाळेत आला. जो विद्यार्थी आपणहून क्लासला येतो त्याला हा क्रम उत्तम लागू पडतो. वेळापत्रकात तास आहे म्हणून बसलेल्या पन्नास मुलांना मात्र तो जसाच्या तसा लावला, की पहिल्या महिन्यातच वर्ग हातातून जातो. राग म्हणजे काय हे कानाला कळण्याआधी वादी-संवादी (रागातला सर्वांत महत्त्वाचा आणि त्याखालोखालचा स्वर) पाठ करायला लावणे हा या वर्गातला सर्वांत रूढ आणि सर्वांत महाग पडणारा दोष आहे. आधी ऐकणे, मग करणे आणि शेवटी नाव देणे असा क्रम ठेवला तर तीच परिभाषा मुले सहज उचलतात.

आवाज आणि पट्टी : या वयाच्या नियोजनात सर्वांत जास्त विचार मागणारी बाब हीच. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलांचा आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली येतो. मुलींचाही आवाज बदलतो. तो दोन-तीन स्वरांनीच उतरतो आणि काही काळ त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते. त्यामुळे आठवीच्या एकाच बाकावर काळी चारमध्ये (पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) सहज गाणारा मुलगा, आवाज उतरून काळी एकवर स्थिरावलेला मुलगा आणि मधल्या अवस्थेत ज्याला जेमतेम चार-पाच स्वर हुकमी लागतात असा मुलगा शेजारी शेजारी बसलेले असतात. शिक्षकाने स्वतःच्या सोयीची पट्टी धरली तर यांतला एक तरी गप्प होतो, आणि एकदा हसे झालेला मुलगा पुढे वर्षानुवर्षे तोंड उघडत नाही.

उपाय गाण्याच्या निवडीतच आहे. मध्य षड्जापासून (सा) धैवतापर्यंत (ध) फिरणारे, मंद्रात (त्या सा-च्या खाली) न उतरणारे गाणे काळी एकमध्ये घेतले, तर मुली आणि आवाज न फुटलेली मुले वरच्या सप्तकात व आवाज उतरलेली मुले खालच्या सप्तकात तेच गाणे एका वेळी गाऊ शकतात. जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, कित्येक अभंगांच्या साध्या चाली या मर्यादेत बसतात. मधल्या अवस्थेतल्या मुलाला षड्ज धरून ठेवण्याचे किंवा ठेक्याचे काम द्यावे. हे काम दुय्यम नसते, कारण सुरात षड्ज धरून राहणे वर्गातल्या अनेक चांगल्या गळ्यांना जमत नाही. पोवाडा याच कारणासाठी आठवी-नववीला फार चांगला. त्यातला बराच भाग बोलण्याजवळचा असतो, शाहीर एक ओळ टाकतो आणि झीलकरी (मागे साथ गाणारे) ‘जी जी’ म्हणत ती उचलून धरतात. आवाज फुटलेल्या मुलांना झीलकऱ्यांत मानाची जागा मिळते, आणि डफ व तुणतुणे असले तर आणखी दोघांच्या हाताला काम मिळते.

ताल : तालाचा तास फळ्यावर मात्रा लिहून सुरू करू नये. दादरा हा ताल हाताने वाजवून सहा मात्रा अंगात भिनू द्याव्यात. मग वर्गाचे दोन भाग करून एकाला पहिल्या व चौथ्या मात्रेवर, दुसऱ्याला पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या मात्रेवर टाळी द्यायला सांगावे. सहाचे तीन-तीन आणि दोन-दोन-दोन असे दोन्ही विभाग एकाच वेळी ऐकू येतात. पहिल्या खेपेला गोंधळ उडतो, पण एकदा जमले की मुले थांबायला तयार नसतात. त्यानंतर झपतालाच्या दहा मात्रा घ्याव्यात : टाळ्या पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर, सहाव्यावर हात उघडा. सम (पहिली मात्रा) आणि खाली (हात उघडा ठेवायची मात्रा) हे शब्द या वेळी सांगितले की अर्थ समजावत बसावे लागत नाही. शरीराच्या हालचालीतून लय शिकवण्याचा आग्रह स्वित्झर्लंडमध्ये एमिल जाक-डालक्रोझ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी धरला होता. आपल्याकडे दिंडीतली पावली, फुगडी आणि लेझीम यांत तो आधीपासूनच आहे. लेझीम तर कवायतीच्या तासाला शाळेत असतेच, ती संगीताच्या तासाला जोडून घ्यावी.

राग : नववी-दहावीसाठी एक तास असा आखता येतो. पेटीवर काळी तीनला षड्ज धरून फक्त काळ्या पट्ट्या वाजवल्या की सा रे ग प ध हे भूपाचे स्वर मिळतात. पेटीला कधी हात न लावलेले मूलही हे करू शकते. आता पट्ट्या त्याच ठेवून षड्ज तेवढा बदलायचा. काळी चारला षड्ज मानला की शुद्ध मध्यम आणि कोमल निषाद येऊन मधमाद सारंगाचे स्वर होतात. काळी पाचला मालकंसाचे. काळी एकला दुर्गाचे. काळी दोनला धानीचे. पाच पट्ट्यांतून पाच स्वरसमूह निघतात. मूर्च्छना, म्हणजे स्वर तेच ठेवून षड्ज बदलणे, व्याख्येविना समोर येते. मागे षड्ज सतत वाजत राहणे मात्र अत्यावश्यक आहे, नाहीतर कान जुन्याच षड्जाला चिकटून राहतो आणि फरक कळत नाही. तानपुरा नसेल तर मोबाइलवरचा चालतो. मालकंसात पंचम नसल्याने तानपुरा पंचमाऐवजी मध्यमावर लावायचा.

याच्या पुढच्या तासाला भूप आणि देसकार शेजारी शेजारी ऐकवावेत. स्वर तेच, पण भूप गंधारावर विसावतो, तर देसकार धैवताभोवती आणि उत्तरांगात (सप्तकाच्या वरच्या अर्ध्या भागात) फिरतो. आदल्या तासाला पट्ट्यांवरून राग ओळखायला शिकलेल्या मुलांना इथे धक्का बसतो, आणि राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नाही हे त्यांनाच सांगावेसे वाटते. वादी स्वर शिकवायची खरी वेळ ही.

नववीच्या विज्ञानात ध्वनी हा घटक असतो. त्याच सुमारास एकतारीसारखी एक तार ताणून ती निम्म्यावर दाबली की तार षड्ज (वरचा सा), दोन तृतीयांश लांबी वाजती ठेवली की पंचम आणि तीन चतुर्थांश ठेवली की मध्यम येतो, हे मुलांकडूनच मोजून घ्यावे.

मुलांची स्वतःची गाणी वर्गाबाहेर ठेवू नयेत. चित्रपटातले किंवा सध्या सगळ्यांच्या तोंडी असलेले गाणे आणा म्हणावे आणि त्याचा षड्ज कुठे आहे, ताल केरवा आहे की दादरा, अंतरा कुठे सुरू होतो हे त्यांनाच शोधायला लावावे. परिसरातले वाद्य मिळाले तर फारच चांगले. गोव्यात घुमट आहे. पूर्वी त्याच्या मडक्याला घोरपडीचे कातडे लावत, वन्यजीव संरक्षणामुळे आता बकऱ्याचे लावतात आणि त्यामुळे नादही बदलतो. वाद्य, कायदा आणि नाद यांची एवढी चर्चा एका तासाला पुरते.

मूल्यमापन गळ्याच्या गोडव्यावर करू नये. लय सांभाळणे, षड्ज ओळखणे, ऐकलेल्या दोन चालींतला फरक सांगणे, गटात आपली जागा धरणे हे तपासता येते आणि शिकवताही येते. आवाज फुटत असलेल्या मुलाला गुणांसाठी एकट्याने गायला लावणे टाळावे.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कला हा विषय दहावीपर्यंत सक्तीचा असावा अशी शिफारस केली, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कला व इतर विषय यांतली भिंत काढण्याची भूमिका घेतली. शाळेत मात्र दिवाळीनंतर संगीताचे तास स्नेहसंमेलनाच्या तालमींकडे वळतात. निवडलेली दहा मुले गातात आणि उरलेली चाळीस बसून बघतात. म्हणून सलग विचार मागणारे घटक, म्हणजे रागाचे आणि पट्टीचे काम, पहिल्या सत्रात पुरे करावेत. संमेलनाच्या काळात त्या चाळीस जणांना ठेका, झील, पार्श्वस्वर आणि ध्वनिमुद्रण अशी कामे टाचणात नावानिशी नेमून द्यावीत.