सोलापूरचं ऊन आणि सोलरची वीज: कडक ऊन म्हणजे जास्त युनिट?

‘सोलापुरात मे महिन्यात सोलर सगळ्यात जास्त वीज देणार, ऊनच तसलं आहे’ हे घराघरांत ऐकू येतं. ते चूक आहे. पॅनेलला लागतो उजेड. उष्णता त्याच्या मुळावर येते. पॅनेलवर छापलेले वॅट हे आतल्या सेलचं (वीज बनवणाऱ्या सिलिकॉनच्या चकतीचं) तापमान 25 अंश असतानाचे असतात. त्यापुढे दर अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते, कारण तापलेल्या सिलिकॉनचं व्होल्टेज उतरतं. हवा 43 अंशांवर गेली की सेल 70 च्या आसपास जातो. म्हणजे 45 अंश जादा, 16 टक्के घट. 3 किलोवॅटचा संच भर दुपारी अडीच किलोवॅटच्या घरात अडकतो, धूळ आणि इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची) घट वेगळीच. म्हणून स्वच्छ आभाळाचा फेब्रुवारी-मार्च मेपेक्षा सरस ठरू शकतो.

यंत्रमागाच्या शेडवर पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवतात, तिथे हाल आणखी. खालून हवा खेळायला किमान 10-15 सेंटीमीटर मोकळे ठेवा. तोंड दक्षिणेला, उतार 15 ते 18 अंश. इन्व्हर्टर सावलीत, हवेशीर भिंतीवर लावा. तापला की तो स्वतःच उत्पादन कमी करतो.

आणि हो, ‘थंड करायला’ दुपारी पाणी मारू नका. तापलेली काच तडकू शकते, बोअरच्या क्षारांचा पांढरा थर बसतो तो वेगळा. धुवायचं तर सकाळी, ऊन चढण्याआधी.