शिफारशीचं वजन कशात असतं?

फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे स्तंभलेखक टॉमस फ्रीडमन यांनी लिहिलं की डोनाल्ड ट्रम्प यांना हरवायचं असेल, तर डेमोक्रॅटिक पक्षाने आपला अध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्याकडे वळावं. आपल्या पत्नीच्या भाषा-संग्रहालयाला ब्लूमबर्ग यांच्या दानसंस्थेने देणगी दिली आहे, हेही फ्रीडमन यांनी वाचकांपासून लपवलं नाही. त्याआधी, १९ जानेवारीला, त्याच वृत्तपत्राच्या संपादक मंडळाने त्याच उमेदवारीच्या शर्यतीतल्या एलिझाबेथ वॉरन आणि एमी क्लोबुशार या दोघी सिनेटरांना एकाच वेळी पाठिंबा जाहीर केला होता. २ मार्चला क्लोबुशार शर्यतीतून बाहेर पडल्या. ३ मार्चला एकाच दिवशी चौदा राज्यांत मतदान झालं, त्यात ब्लूमबर्ग यांच्या वाट्याला पहिला क्रमांक आला तो फक्त अमेरिकन समोआ या प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या प्रदेशात. ४ मार्चला ते थांबले, ५ मार्चला वॉरन थांबल्या.

याच दिवसांत आणखी एक शिफारस झाली होती. २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनातले ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी जो बायडन यांना पाठिंबा दिला. तीनच दिवसांनी तिथे मतदान झालं. बायडन यांना जवळपास ४९ टक्के मतं मिळाली आणि आधीच मतदान झालेल्या आयोवा, न्यू हॅम्पशायरमध्ये मागे पडलेली त्यांची मोहीम पुन्हा उभी राहिली. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं, तेव्हा ४७ टक्के लोकांनी क्लायबर्न यांचा पाठिंबा आपल्या निर्णयात महत्त्वाचा होता असं सांगितलं.

पक्ष तोच, महिना जवळपास तोच, विरोधकही तोच. मग एकाचा शब्द वाऱ्यावर गेला आणि दुसऱ्याचा मतपेटीपर्यंत पोचला, असं का झालं? राज्यशास्त्र, मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र, तिन्ही शाखांतले संशोधक या प्रश्नामागे गेली ऐंशी वर्षं लागले आहेत. त्यांना जे सापडलं ते वृत्तपत्रं वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आधी प्रायमरी म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचं हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत ते बहुतेक राज्यांत पक्षाचे मतदारच मतदान करून ठरवतात. त्यामुळे प्रायमरीत सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असतात. मुख्य निवडणुकीत मतदाराच्या हाती सर्वात सोपी खूण असते ती पक्षाची. इथे तीच नाहीशी होते. सहा-सात माणसं मंचावर उभी, सगळे साधारण तेच बोलतात, आणि त्यांतला एक निवडायचा. अशा वेळी माणूस आजूबाजूला पाहतो: कोण काय म्हणतंय?

हा फरक आकड्यांतही दिसतो. जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१८ मध्ये प्रचाराच्या ४९ प्रत्यक्ष प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. दारोदार जाऊन, फोन करून, पत्रकं पाठवून मतदाराचं मन किती वळतं? मुख्य निवडणुकीत सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. प्रायमरी आणि जनमताचे ठराव (ज्या प्रस्तावांवर मतदारच थेट हो किंवा नाही म्हणतात), म्हणजे जिथे पक्षाची खूण नसते तिथे मात्र मन वळताना दिसलं.

जनमताच्या ठरावांवरूनच आणखी एक सुंदर अभ्यास आठवतो. १९८८ साली कॅलिफोर्नियात विम्यासंबंधीचे पाच ठराव एकाच मतपत्रिकेवर होते, सगळे किचकट आणि काही परस्परविरोधी. आर्थर लुपिया यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या मतदारांना मतदानानंतर गाठलं. ज्यांना ठरावांतलं फारसं काही कळलेलं नव्हतं, पण विमा कंपन्यांची बाजू कोणती एवढंच ठाऊक होतं, त्यांनी जवळपास तसंच मत दिलं जसं सगळं वाचून-समजून आलेल्यांनी दिलं. विमा कंपन्यांवर त्यांचा विश्वास होता असं मुळीच नाही. त्या कंपन्यांना काय हवंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि तेवढं पुरलं. शिफारशीवर विसंबणं म्हणजे मेंढरासारखं मागे जाणं, असं आपण सहज म्हणून टाकतो. या अभ्यासाने ते मत मला तरी बदलायला लावलं. बोलणारा कोण आणि त्याचा ओढा कुठे हे ओळखणं ही मतदाराची स्वतःची अक्कल आहे.

आता गाभ्याकडे. चुन-फांग चियांग आणि ब्रायन नाइट या दोन अर्थतज्ज्ञांनी २००० आणि २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकांतली वृत्तपत्रांची शिफारस तपासली. त्यांच्या हाती एका मोठ्या सर्वेक्षणाची माहिती होती, जिच्यात रोज नव्या मतदारांना प्रश्न विचारले जात आणि ते कोणतं वृत्तपत्र वाचतात हेही नोंदलं जाई. त्यामुळे अग्रलेख छापून येण्याआधी आणि नंतर त्याच वृत्तपत्राच्या वाचकांचा कल ताडून पाहता आला. निष्कर्ष असा, की शिफारशीने मतं हलतात, पण सगळ्या शिफारशींनी सारखी नाही. नेहमी डेमोक्रॅट पक्षाकडे झुकणाऱ्या वृत्तपत्राने डेमोक्रॅट उमेदवाराला उचलून धरलं, तर वाचक फारसा हलत नाही. तटस्थ किंवा रिपब्लिकनांकडे झुकणाऱ्या वृत्तपत्राने तेच केलं, तर तो थांबून विचार करतो.

मंडईत भाजीवाला म्हणतो, ‘ताई, मेथी एकदम ताजी आहे.’ तो रोजच म्हणतो. त्यातून आपल्याला नवीन काही कळत नाही. पण तोच एखाद्या सकाळी म्हणाला, ‘आज माझ्याकडची मेथी नका घेऊ, पलीकडच्या गाळ्यावर चांगली आलीय,’ तर आपण सरळ पलीकडे जातो. संभाव्यतेच्या गणितात हेच सांगतात: जे घडणार हे आधीच ठाऊक होतं त्यातून माहिती मिळत नाही, जे अनपेक्षित आहे त्यातूनच मिळते. वाचक कागदावर गणित मांडत नाही, पण त्याचं मन साधारण याच वाटेने चालतं.

प्रायमरीत मात्र ‘पलीकडचा गाळा’ कोणता हे ठरवणं अवघड जातं, कारण सगळे एकाच पक्षातले. तिथे अनपेक्षितपणाच्या जोडीला आणखी एक गोष्ट येते, बोलणारा कुणाचा आहे ही. क्लायबर्न साउथ कॅरोलिनाच्या कृष्णवर्णीय मतदारांचे अनेक दशकांचे प्रतिनिधी होते आणि तिथल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत हाच मतदार निर्णायक असतो. न्यूयॉर्कच्या स्तंभलेखकाला असं गाव नसतं. त्याचे वाचक देशभर विखुरलेले, बहुतेक राजकारणात मुरलेले आणि मत आधीच बनवून बसलेले. म्हणजे ज्यांचं मन वळू शकतं ते त्याला वाचत नाहीत आणि जे वाचतात त्यांचं वळत नाही. १९४० साली ओहायोतल्या ईरी काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी तेच ६०० मतदार महिनोन् महिने पुन्हा पुन्हा गाठले, तेव्हाही हे चित्र दिसलं होतं. त्यांना आढळलं की वृत्तपत्रातला विचार थेट मतदारापर्यंत जात नाही. तो आधी गल्लीतल्या, कारखान्यातल्या, चर्चमधल्या जाणत्या माणसापर्यंत जातो आणि तिथून पुढे.

न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरच्या ‘युनियन लीडर’ या रिपब्लिकन वळणाच्या वृत्तपत्राची कहाणी म्हणूनच बोलकी आहे. पहिली प्रायमरी याच राज्यात होते, त्यामुळे त्याच्या पाठिंब्याकडे अख्ख्या देशाचं लक्ष असतं. १९९६ मध्ये त्याने पॅट ब्युकॅनन यांना उचललं, ते जिंकले. २००० मध्ये स्टीव्ह फोर्ब्स, ते हरले. २००८ मध्ये जॉन मॅकेन, ते जिंकले. २०१२ मध्ये न्यूट गिंगरिच, त्यांना साडेनऊ टक्केही मतं मिळाली नाहीत. २०१६ मध्ये ख्रिस ख्रिस्टी, ते सहावे आले. काही दिवसांतच ख्रिस्टी ट्रम्प यांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि आपली निवड चुकली हे वृत्तपत्राने उघडपणे कबूल केलं.

या यादीतून काय शिकायचं? खरं तर काहीच नाही, आणि संशोधकापुढची मुख्य अडचण हीच आहे. ब्युकॅनन पाठिंब्यामुळे जिंकले की जिंकू शकणाऱ्या माणसालाच पाठिंबा मिळाला? संपादक त्याच गावात राहतात, तेच वारे त्यांच्याही अंगावरून जातात. कोंबडा आरवला म्हणून उजाडलं असं म्हणण्याचा धोका इथे कायम असतो.

हा गुंता सोडवण्याचा एक कल्पक प्रयत्न क्रेग गार्थवेट आणि टिमोथी मूर यांनी केला. २००८ च्या प्रायमरीसाठी टीव्हीवरच्या प्रसिद्ध सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्री यांनी बराक ओबामांना पाठिंबा दिला होता. या दोघांनी काउंटीगणिक पाहिलं की ओप्रांच्या मासिकाचा खप किती आणि त्यांनी सुचवलेली पुस्तकं किती विकली जातात. जिथे त्यांचा चाहतावर्ग मोठा, तिथे ओबामांची मतं अपेक्षेपेक्षा किती वाढली? त्यांचा अंदाज सुमारे १० लाख मतांचा होता. ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्या एकूण मतांत फार थोडं अंतर होतं हे लक्षात घेतलं, की हा आकडा केवढा मोठा आहे ते कळतं. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण यातही तेच दिसतं: ओप्रा याआधी राजकारणात अशा कुणाच्या बाजूने उतरल्या नव्हत्या, आणि त्यांचं ऐकणारे लोक राजकीय स्तंभ वाचणारे नव्हते.

पुन्हा त्या ४७ टक्क्यांकडे येऊ. पाठिंब्याआधीच्या जनमत चाचण्यांतही साउथ कॅरोलिनात बायडन पुढेच होते. म्हणजे त्यांना मत द्यायचं आधीच ठरवलेल्या अनेकांनीही ‘हो, क्लायबर्न महत्त्वाचे’ असं सांगितलं असणार. आपण कशामुळे बदललो हे माणसाला नीट सांगता येत नाही, दोन्ही बाजूंनी. १९५१ मध्ये येल विद्यापीठात कार्ल हॉवलंड आणि वॉल्टर वाइस यांनी लोकांना अणुपाणबुड्यांसारख्या विषयांवर लेख वाचायला दिले. पाणबुड्यांच्या लेखाबद्दल काहींना सांगितलं की लेखक भौतिकशास्त्रज्ञ ओपेनहायमर आहेत, काहींना सांगितलं की मजकूर ‘प्रावदा’ या सोव्हिएत वृत्तपत्रातला आहे. लगेच विचारलं तेव्हा ओपेनहायमर यांचं नाव असलेला लेख जास्त पटला. चार आठवड्यांनी तो फरक पुसला गेला होता. युक्तिवाद मनात राहिला आणि कुणाचा होता ते गळून पडलं. ज्या स्तंभलेखकाला आज शिव्या घातल्या, त्याचाच मुद्दा महिन्याभराने कुणी स्वतःचा म्हणून मांडत असेल, तर त्याला आश्चर्य वाटायचं कारण नाही.

दुसऱ्या टोकाला, इतर लोक वाहवत जातील ही भीती. समाजशास्त्रज्ञ फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ मध्ये दुसऱ्या महायुद्धातली एक हकिकत नोंदवली. इवो जिमा बेटावर कृष्णवर्णीय सैनिकांची एक तुकडी होती, अधिकारी गोरे. हे गोऱ्यांचं युद्ध आहे, तुम्ही कशाला मरता, अशा आशयाची पत्रकं जपानी विमानांनी टाकली. दुसऱ्याच दिवशी ती तुकडी मागे घेतली गेली. सैनिकांवर पत्रकांचा काही परिणाम झाल्याचा पुरावा डेव्हिसन यांना सापडला नाही. परिणाम झाला होता तो अधिकाऱ्यांवर, सैनिक बिथरतील या कल्पनेने. एखाद्या स्तंभावर उसळणाऱ्या संतापातही हाच अंश असतो. ‘मला काही फरक पडत नाही, पण लोक फसतील.’ असं म्हणणारा माणूस प्रामाणिक असतो, आणि बहुतेक वेळा त्याचा अंदाज चुकलेला असतो.

शिफारशीचा सर्वात पक्का मोजला गेलेला परिणाम उमेदवारावर नाही, शिफारस करणाऱ्यावर आढळला, हे वाचून मला धक्का बसला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेने बायडन यांना पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी फ्लॉइड झांग यांनी ४,२६० अमेरिकनांवर प्रयोग केला. काहींना त्या पाठिंब्याबद्दल वाचायला दिलं, उरलेल्यांना नेचरबद्दलचाच, पण राजकारणाशी संबंध नसलेला मजकूर दिला. बायडन किंवा ट्रम्प यांच्याविषयीचं मत जवळजवळ जागचं हललं नाही. मात्र ट्रम्प समर्थकांचा नेचरवरचा विश्वास बराच घसरला, आणि लशींच्या परिणामकारकतेवरचे नेचरचे लेख देऊ केले तेव्हा ते मागणाऱ्यांचं प्रमाणही लक्षणीय कमी झालं. महामारीच्या काळात हे फार महागात पडणारं नुकसान आहे.

यावरून मौन सुरक्षित असं वाटेल, तर तेही खरं नाही. २०२४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने कुणालाच पाठिंबा न देण्याचं जाहीर केलं, तेव्हा बातम्यांनुसार सुमारे अडीच लाख वर्गणीदारांनी वर्गणी रद्द केली. वाचकाला बाजू घेतलेली खटकते, तशी नेहमी घेतली जाणारी बाजू अचानक न घेणंही खटकतं. कारण तेच, अपेक्षा मोडली.

एक गोष्ट राहिली, वेळ. २००४ मध्ये आयोवातल्या ‘दे मॉइन रजिस्टर’ने मतदानाच्या थोडेच दिवस आधी जॉन एडवर्ड्स यांना पाठिंबा दिला. तोवर मागे असलेले एडवर्ड्स ३२ टक्क्यांसह दुसरे आले. ३८ टक्के घेऊन जॉन केरी पहिले, आणि ज्यांचा बोलबाला होता ते हॉवर्ड डीन १८ टक्क्यांवर. ब्रायन नाइट आणि नेथन शिफ यांनी त्या वर्षीच्या रोजच्या सर्वेक्षणांवरून दाखवलं, की लवकर मतदान करणाऱ्या राज्यांतल्या मतदाराचा प्रभाव उशिरा करणाऱ्याच्या पाचपटीपर्यंत असू शकतो. केरी आयोवात अपेक्षेपेक्षा चांगले ठरले आणि तो निकालच पुढच्या राज्यांसाठी शिफारस बनला.

आपली मराठी माणसं ज्या न्यू जर्सीत मोठ्या संख्येने राहतात, ते राज्य या रांगेत अगदी मागे असतं. २०२० मध्ये आयोवाने ३ फेब्रुवारीला मत दिलं, न्यू जर्सीने कोविडमुळे पुढे ढकलून ७ जुलैला. बर्नी सँडर्स यांचं नाव मतपत्रिकेवर होतं, पण प्रचार त्यांनी ८ एप्रिललाच थांबवला होता. वॉरन, क्लोबुशार, ब्लूमबर्ग, ज्यांच्यासाठी न्यूयॉर्कमध्ये एवढी शाई खर्ची पडली, ते तर चार महिन्यांपूर्वीच गेले होते. एडिसनमधल्या मराठी डेमोक्रॅट मतदाराने टपालाने आलेली मतपत्रिका उघडली, तेव्हा तिच्यावरची निवड फेब्रुवारीच्या अखेरीस साउथ कॅरोलिनातच होऊन गेली होती.