काटा पायात, गाठ जांघेत

पायात काटा मोडला आणि तसाच राहिला, तर दोन-तीन दिवसांत जांघेत दुखरी गाठ हाताला लागते. मराठीत तिला अवधाण म्हणतात. जखम तळव्याला आणि दुखणं जांघेत, हे अनेकांना कोडं वाटतं. शरीर रोगजंतूंशी कसं लढतं हे समजून घ्यायला मात्र या गाठीइतकी चांगली जागा नाही.

आधी काट्याजवळ काय घडतं ते पाहू. त्वचा फाटली की जंतू आत शिरतात. तिथे कायम मुक्कामाला असलेल्या महाभक्षी पेशी त्यांना गिळू लागतात आणि रासायनिक संदेश सोडतात. त्यामुळे आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्यातून द्रव झिरपतो. जागा लाल होते, सुजते, ठणकते. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ५० ते ७० टक्के याच. अस्थिमज्जेत त्या रोज सुमारे १०० अब्ज तयार होतात, कारण त्यांचं आयुष्य फार थोडं असतं. जखमेतला पू म्हणजे बहुतांशी याच मेलेल्या पेशी.

जंतूंच्या मोठमोठ्या गटांत सारख्या असणाऱ्या खुणा या पेशींना कळतात. नेमका कोणता जंतू आहे, हे ठरतं जांघेत.

तिथे खबर नेतात डेंड्रायटिक पेशी. जंतूचे तुकडे अंगावर मिरवत त्या लसीकावाहिन्यांतून, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, वर चढतात आणि लसीका ग्रंथीत पोचतात. शरीरात अशा सुमारे ६०० ग्रंथी आहेत. पायाकडच्या वाहिन्या जांघेतल्या ग्रंथींना मिळतात, हाताकडच्या काखेतल्या. ग्रंथीत टी आणि बी या प्रकारच्या पांढऱ्या पेशी खच्चून भरलेल्या असतात आणि जवळजवळ प्रत्येकीचा ग्राही, म्हणजे जंतू ओळखणारा रेणू, वेगळा असतो. मोजक्या जनुक-तुकड्यांच्या निरनिराळ्या जोडण्यांतून हे वैविध्य येतं. सुसुमु तोनेगावा यांना या शोधासाठी १९८७ साली नोबेल मिळालं. म्हणूनच कधीही न पाहिलेल्या जंतूला जुळणारी पेशी बहुधा आधीपासून तयार असते. पण ती असते लाखात एक, कधी दहा लाखांत एक. ती सापडेपर्यंत हजारो टी पेशी डेंड्रायटिक पेशीला चाचपून पुढे निघून जातात. सापडली की मात्र तिच्या दोन, दोनाच्या चार असं भराभर विभाजन सुरू होतं. गाठ फुगते ती या गर्दीने.

जुळलेल्या बी पेशींपैकी काही प्रतिपिंडांचे, म्हणजे जंतूला चिकटणाऱ्या प्रथिनांचे, कारखाने बनतात. एकेक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडं सोडते. आधी येतं आयजीएम या प्रकारचं प्रतिपिंड, मग अधिक नेमकं आयजीजी. या सगळ्याला पूर्ण जोर चढायला एक-दोन आठवडे जातात. नव्या विषाणूने माणूस आठवडाभर आजारी राहतो त्यामागे हा उशीरही असतो.

लढाई संपल्यावर बहुतेक पेशी मरतात, थोड्या स्मृतिपेशी, म्हणजे तो जंतू लक्षात ठेवणाऱ्या पेशी, उरतात. त्या किती टिकतात? उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १८४६ मध्ये गोवराची साथ आली, तेव्हा १७८१ च्या साथीत गोवर येऊन गेलेल्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झाला नाही, अशी नोंद पीटर पानुम या डॅनिश डॉक्टरांनी केली. मध्ये ६५ वर्षं गेली होती! लस हेच काम आजार न होऊ देता करते.

जखम बरी झाली की अवधाण हळूहळू उतरतं. तीन-चार आठवड्यांनंतरही गाठ राहिली, कडक आणि न दुखणारी असली किंवा वाढत गेली, तर डॉक्टरांना दाखवा. जखमेपासून वर चढणारी लाल रेघ दिसली, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी जा. संसर्ग लसीकावाहिन्यांत पसरत असल्याची ती खूण आहे.

आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाची चौकशी तिथेच करा. बहुतेक आजार एकदा झाले की काही ना काही स्मृती मागे ठेवतात. धनुर्वात ठेवत नाही. त्याचं विष इतकं जहाल असतं की जीव घ्यायला पुरेल एवढी मात्राही प्रतिपिंडं तयार करायला अपुरी पडते. त्यामुळे धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस टोचावीच लागते.