प्रोटॉन नेमका कुठे थांबतो? प्रोटॉन रेडिओग्राफीची जुनी गोष्ट

प्रोटॉन थेरपीचं, म्हणजे प्रोटॉनच्या झोताने कॅन्सरवर केलेल्या उपचाराचं, सगळं कौतुक एकाच गोष्टीवर उभं आहे, प्रोटॉन थांबतो. एक्स-रे शरीरातून आरपार जातो, प्रोटॉन मात्र ठरावीक खोलीवर जाऊन जवळपास सगळी उरलेली एनर्जी तिथेच टाकतो आणि संपतो, यालाच ब्रॅग पीक म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्येच लिहून ठेवलं होतं की हे उपचारासाठी वापरता येईल, आणि १९५४ मध्ये बर्कलेत पहिल्या पेशंटवर ते झालंही.

पण थांबतो म्हणजे नेमका कुठे, हे कसं कळणार? इथेच गोची आहे. प्लॅनिंग होतं साध्या सीटी स्कॅनवर, म्हणजे एक्स-रे किती अडला त्याच्या आकड्यांवरून प्रोटॉन किती अडेल याचा अंदाज बांधायचा, आणि हाड, चरबी, हवा सगळ्यांना तो अंदाज सारखाच लागू पडतो असं नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी रेंजच्या, म्हणजे प्रोटॉन जितका खोल जातो त्या अंतराच्या, साधारण ३.५ टक्के आणि वर एक ते तीन मिलिमीटर एवढं मार्जिन ठेवतात. ट्यूमर २० सेंटिमीटर खोल असेल तर नुसते ३.५ टक्केच ७ मिलिमीटर होतात, आणि पलीकडे लगेच मज्जारज्जू असेल तर बघा.

मग प्रोटॉननेच फोटो काढला तर? ही कल्पना काही आजची नाही. अ‍ॅलन कॉरमॅक, ज्यांना पुढे १९७९ चं नोबेल सीटीसाठी हाउन्सफिल्ड यांच्यासोबत मिळालं, त्यांनी १९६३ च्या पेपरातच प्रोटॉनचा विचार मांडला होता. १९६८ मध्ये हार्वर्डच्या सायक्लोट्रॉनवर (प्रोटॉनला वेग देणारं यंत्र) अँड्रियास कोहलर यांनी तर करूनच दाखवलं: अ‍ॅल्युमिनियमचा काही सेंटिमीटर जाड थर, त्यात पताकेच्या आकाराचा अगदी पातळ पत्रा, आणि फिल्म अशा ठिकाणी जिथे प्रोटॉन संपायच्या बेतात असतात. तिथे जाडीत जरा फरक पडला की फिल्मवर पडणारे प्रोटॉन एकदम कमी होतात, त्यामुळे ती पताका स्पष्ट उमटली. एक्स-रेला एवढा बारीक फरक दाखवणं जड गेलं असतं.

तरी हे मागे पडलं. कारण प्रोटॉन सरळ जात नाही, अणूंच्या धक्क्यांनी जरा जरा वळत राहतो, मग कडा धूसर होतात, आणि तोवर सत्तरच्या दशकात एक्स-रे सीटी आलं, झालं, फोटोसाठी प्रोटॉन कोणाला हवा होता! माझ्या मते खरी चूक तुलनेतच होती, इथे सुंदर फोटो नको होता, रेंज हवी होती.

ते स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये श्नायडर आणि पेद्रोनी यांनी नीट पकडलं, १९९५ चा त्यांचा पेपर प्रोटॉन रेडिओग्राफीकडे थेट उपचाराच्या क्वालिटी कंट्रोलचं साधन म्हणून बघतो. २००४ मध्ये एका कुत्र्याची, म्हणजे खऱ्या अ‍ॅनिमल पेशंटची, प्रोटॉन रेडिओग्राफीही प्रसिद्ध झाली. धूसरपणावर उपाय म्हणजे एकेक प्रोटॉन आत जाताना आणि बाहेर पडताना कुठे होता ते टिपायचं, बाहेर उरलेली एनर्जी मोजायची, आणि मधला वाकडा रस्ता गणिताने काढायचा.

अडचण उरते ती एनर्जीची, कारण फोटोसाठी प्रोटॉन पेशंटच्या पलीकडे निघायला हवा आणि २३० एमईव्हीचा (एमईव्ही हे अशा कणांच्या एनर्जीचं एकक) प्रोटॉन पाण्यात साधारण ३३ सेंटिमीटरच जातो. डोक्याला तेवढं पुरतं, पण मोठ्या माणसाच्या कमरेतून आडवं जायचं तर बऱ्याचदा नाही.